जिवंत पेशींत बघायचं राहिलं

९ जानेवारी

जागा मंजूर झाली. संचालकांनी बोलावून घेतलं, खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "घ्या, मिळाला तुम्हाला तुमचा पेशीवाला." जसा काही स्वतःच्या खिशातून काढून दिला. या माणसाच्या दारात मी किती चपला झिजवल्या ते माझं मला माहीत. अट एकच, माणूस जूनमध्ये रुजू झाला पाहिजे. नाही झाला तर जागा शेजारच्या विभागाला जाणार. तिथे रक्ताच्या आजारांचे प्रमुख टपूनच बसलेत.

घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणतो आणि घरी आल्यावर स्वतःचं तोंड मिटत नाही. "म्हणजे तुझ्या थेंबांना आता वाली मिळाला," म्हणाला.

चेष्टा करतो, पण खरंच थेंबच आहेत ते. पेशीच्या आत प्रथिनं सगळीकडे पसरलेली असतात. कधी कधी एखादं प्रथिन जागोजागी गोळा होतं आणि त्याचे थेंब बनतात, उकळत्या भांड्याच्या झाकणाला आतून थेंब धरतात तसे. कर्करोगाच्या पेशींत एक प्रथिन असे थेंब जरा जास्तच करतं आणि त्यामुळेच पेशीची वाढ थांबत नाही, असं माझं म्हणणं. थेंब मोडता आले तर वाढही मोडता येईल. यावरचा आमचा पेपर बरा गाजला. पण मी परीक्षानळीतली बाई. पेशी जिवंत ठेवून तिच्या आत डोकवायचं म्हणजे वेगळी विद्या, वेगळा हात. तो हात मिळाला नाही तर तीन वर्षांनी मी निवृत्त होईन आणि थेंब माझ्याबरोबर घरी येतील.

४ फेब्रुवारी

तिन्ही उमेदवारांची व्याख्यानं झाली. पहिला स्वतःवर इतका खूश होता की त्याला आमची गरजच नव्हती. दुसऱ्याने मायक्रोस्कोप बघायच्या आधी सुट्ट्या किती ते विचारलं. तिसरी बाई. चाळिशी ओलांडलेली, सावकाश बोलणारी, पुढचं वाक्य तयार झाल्याशिवाय तोंड न उघडणारी. व्याख्यानात दोन-तीनदा म्हणाली, "इथे मी चुकले होते," आणि चूक कुठे झाली ते चित्र लावून दाखवलं. रक्तवाले प्रमुख माझ्या कानाशी लागले, "एवढं चुकणारी माणसं परवडतील का आपल्याला?" मी म्हटलं, "चूक दाखवणारी आपल्याकडे आहेतच कुठे?" फार छान बोलले असं वाटलं मला.

जेवताना कळलं, ती कितीतरी वर्षं एकाच संस्थेत आहे. पक्की नोकरी. आमची जागा पहिले सहा महिने प्रोबेशनवर आणि मग निधी चालेल तोवर. नवऱ्याचा छोटा छापखाना आहे, मुलगी आठवीत. "सगळं उपटून आणायचं म्हणजे..." एवढंच म्हणाली आणि पाणी प्यायली. मी म्हटलं, "कुंडी बदलली की झाड वाढतं." ऐन वेळी मला काय काय सुचतं! तिला हसू आलं. आता मला हीच पेशीवाली हवी.

१७ फेब्रुवारी

वकीलबाई सकाळी दारात उभी. ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी, शेवटच्या वर्षाला आहे. उलटतपासणी घेतल्याशिवाय कुठलीच गोष्ट मान्य करत नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं, आणि कौतुकानं ठेवलं.

तिचं म्हणणं असं. आमच्या पेपरातली सगळी चित्रं मेलेल्या पेशींची आहेत. पेशीवर फॉर्मॅलिन घालायचं, ती मरते आणि आतलं सगळं जिथल्या तिथे थिजतं, मग रंगवून फोटो काढायचा. सगळं जग असंच करतं. पण प्रत्येक परिषदेत मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतोच, थेंब मुळात होते की फॉर्मॅलिननं केले? याला उत्तर एकच, जिवंत पेशीत बघणं. त्यासाठी वकीलबाईने गेल्या वर्षी खास पेशी बनवून गोठवून ठेवल्यात. त्यांच्यात ते प्रथिन आपण होऊन चमकतं, रंगवावं लागत नाही.

"मॅडम, त्या चमकणाऱ्या पेशी मी बाहेर काढल्या. परवा एकदा बघितलं."

"मग?"

"थेंब नाही दिसले. सगळीकडे सारखंच चमकत होतं."

"किती डिश बघितल्यास?"

"एकच."

"एका डिशवर निकाल लावतात का? एरवी तूच मला शिकवतेस."

"म्हणून तर म्हणते, आठवडाभर मायक्रोस्कोप द्या. त्या बाईंना नेमणुकीचं पत्र जायच्या आत नीट बघून टाकते."

मी म्हटलं, आत्ता नको. मायक्रोस्कोपवर रक्तवाल्यांची पाळी आहे, तुझा प्रबंध राहिलाय, आणि हे काम करायलाच तर आपण माणूस आणतोय. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी बघितलंच नाही असं धरायचं?"

"एकदा बघणं म्हणजे न बघणंच. तसंच धर."

तिने पेशी परत गोठवल्या. मी काही चूक केलेली नाही. जो प्रयोग पूर्ण झाला नाही त्याला निकाल नसतो. आमच्या धंद्याचा हा नियम मी काही आज बनवलेला नाही. दुपारी पत्रावर सही करून पाठवलं.

२६ फेब्रुवारी

पेशीवालीचा फोन आला. पत्र मिळालं, घरात खल चाललाय म्हणाली. "छापखाना विकावा लागेल. हे तयार आहेत, पण एकदा विकला की पुन्हा उभा राहायचा नाही तो. म्हणून एकच विचारते, मॅडम."

"विचारा ना."

"हे थेंब जिवंत पेशींत बघितलेत ना तुम्ही?"

स्वच्छ प्रश्न. मी खिडकीशी उभी होते. खाली माळी पाण्याचा पाइप गुंडाळत होता आणि तो काही त्याच्या कह्यात येत नव्हता. मी म्हटलं, "ते तर तुम्हीच येऊन बघायचं. तुमच्यासाठीच राखून ठेवलंय."

ती हसली. अगदी मनापासून हसली. "मग प्रश्नच मिटला. राजीनामा उद्या देऊ ना?"

"द्या," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य शब्द शब्द करून तपासलं. एकही शब्द खोटा नाही. तरी जेवण गेलं नाही. बहुतेक पित्त झालंय.

२७ फेब्रुवारी

तिनं राजीनामा दिला. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणतो, "वा! सगळं दाखवलंस ना तिला? मी तर दात उपटायच्या आधी एक्स-रे पेशंटच्या हातातच देतो. नंतर कटकट नको." तुझ्या दातांचा आणि माझ्या कामाचा काय संबंध, म्हणून मी त्याच्यावर खेकसले. बिचारा वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसला.

११ मे

पेशीवालीसाठी घर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर, पण उजेड चांगला. स्वयंपाकघराचा नळ गळत होता, तो मी उभी राहून दुरुस्त करून घेतला. मुलीच्या शाळेत मुख्याध्यापिकांकडे दोन खेपा घातल्या. आज पडदे घेतले. पिवळे घ्यावेत की निळे यावर दुकानात इतका वेळ गेला की दुकानदारानंच मला स्टूल दिलं.

नवरा म्हणाला, "कोण येतंय, तुझी सख्खी बहीण?" मी म्हटलं, आपल्या शब्दावर कोणी घर सोडून येतं तेव्हा एवढं करावंच लागतं. हे म्हटलं आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, मी दमलेय.

वकीलबाई हल्ली चहाला आमच्यात बसत नाही. प्रबंध लिहितेय म्हणे. लिहू दे.

२ जून

आले सगळे. ट्रकमधून सामान उतरवताना मीही दोन पिशव्या वर नेल्या. पेशीवालीनं पडदे बघितले आणि ती नुसती बघतच राहिली. "मॅडम, एवढं कोण करतं हो?"

"मॅडम काय, ताई म्हण." तुम्हीवरून मी तूवर कधी आले ते माझं मलाच कळलं नाही.

तिचा नवरा उंच, हसरा माणूस. शाई नखांत कायमची बसलेली. "मशिनं उचलून नेली तेव्हा मी चहाच्या टपरीवर जाऊन बसलो, ताई. बघवेना," असं हसत हसत सांगितलं. इथे एका मोठ्या छापखान्यात त्याला मशीन चालवायची नोकरी मिळालीय. इतकी वर्षं मालक होता, आता घड्याळ बघून आत जाईल. त्यानं खिशातून एक कार्ड काढून मला दिलं. बायकोच्या नव्या हुद्द्याची कार्डं त्यानं छापून आणलीत, जुन्या छापखान्यातलं शेवटचं काम म्हणून. कागद जाड, अक्षर सुरेख. मी ते कार्ड पर्समध्ये ठेवलं, आणि पर्स उघडावी लागू नये म्हणून घरी पोचल्यावर रिक्षाचे पैसे माझ्या नवऱ्याला द्यायला लावले.

१५ जुलै

तिचा हात खरोखर सोन्याचा आहे. पेशी तिच्याकडे अशा वाढतात की वकीलबाईसुद्धा तोंडात बोट घालते. चमकणाऱ्या पेशी बाहेर काढल्या, जगवल्या, बघितल्या.

आज संध्याकाळी माझ्या खोलीत आली. "ताई, मला थेंब दिसत नाहीयेत."

मी म्हटलं, "असं?"

"माझंच काहीतरी चुकतंय. पेपरात तुमचे इतके स्वच्छ दिसतात. तुम्ही काळजी करू नका, मी शोधते."

म्हणजे मला धीर देऊन गेली! मी दार लावून बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. वाक्य तयारसुद्धा होतं: अगं, तुझं काही चुकत नाही. चार-पाच शब्दांचं वाक्य, ते का निघालं नाही तोंडातून?

३१ ऑगस्ट

आज सांगायचंच असं ठरवून मी तिच्या टेबलाशी गेले. ती पेशींचं खाद्य बदलत होती. दिवे बदलून झाले, काचा बदलून झाल्या, पेशींचं खाद्य दुसरीकडून मागवून झालं. डोळ्यांखाली काळं आलंय. मला बघून म्हणाली, "ताई, काही सुचतंय का तुम्हाला?"

आणि मी म्हटलं, "तापमान बघितलंस का? जरासा फरक पडला तरी थेंब विरघळतात."

देवा! हे कुठून आलं? तिचा चेहरा उजळला. "हे नव्हतं सुचलं मला," म्हणाली आणि लगेच वहीत लिहून घेतलं. आता ती आठवडेच्या आठवडे तापमानाच्या मागे लागेल. गप्प बसण्यापर्यंत ठीक होतं, मी तर तिला हाताला धरून चुकीच्या रस्त्याला लावलं. माझी मला लाज वाटली आणि तरी मी तिथून निघून आले. वकीलबाई पलीकडच्या टेबलावर होती. तिनं मान वर केली नाही, पण तिनं ऐकलं.

२८ सप्टेंबर

वकीलबाईनं दार लावून घेतलं आणि बसायला न सांगता बसली.

"मॅडम, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"काय सांगायचं?"

"असं नका ना करू," ती म्हणाली. वकिलासारखं नाही, रडवेल्या आवाजात. "त्या माझ्याकडून पिपेट कसं धरायचं ते बघून घेत होत्या काल. त्या! माझ्याकडून! त्यांना वाटतंय की त्यांचा हात गेला. मला झोप नाही येत."

"तुझा प्रबंध याच पेपरावर उभा आहे, हे लक्षात आहे ना?"

"आहे. फेब्रुवारीपासून तेवढंच लक्षात ठेवलंय, म्हणून तर गप्प बसले." मग डोळे पुसून म्हणाली, "तुमच्याकडूनच शिकले."

मी म्हटलं, मी सांगते. या आठवड्यात सांगते. ती गेल्यावर मला तिचा राग आला. नंतर तिला गप्प बसवलं म्हणून स्वतःचा आला. आज रागाचीच पाळी होती.

२० ऑक्टोबर

नाही सांगितलं. गेल्या आठवड्यात तिच्या मुलीला ताप होता. तापलेल्या मुलीच्या आईला हे काय सांगायचं? या आठवड्यात मुलगी बरी आहे, पण ती स्वतः इतकी खचलीय की आता सांगितलं तर मोडेल. ती हसली तर वाटतं, कशाला हसू घालवायचं. रडवेली असली तर वाटतं, आज नको. सांगायला मुहूर्त मिळत नाही, आणि मिळू नये याची तजवीज मीच करते. हे लिहायला काही वाटत नाही. बोलायला जीभ उचलत नाही.

१० नोव्हेंबर

लिहिते, झालं तसं.

विभागाची मोठी बैठक. संचालक होते, रक्तवाले होते, कारण डिसेंबरात पेशीवालीचं प्रोबेशन ठरायचंय. ती उभी राहिली. चित्र एकच लावलं: जिवंत पेशी, सगळीकडे सारखी चमकणारी. काय काय करून बघितलं ते सावकाश सांगितलं. तापमानसुद्धा. "ते ताईंनी सुचवलं होतं," असं म्हणाली, श्रेय देत. आणि शेवटी म्हणाली, "पेपरातले थेंब मला दाखवता आले नाहीत. माझ्याच हातून काहीतरी बिघडतंय. विभागाचे इतके महिने गेले, मी सगळ्यांची माफी मागते. ताईंची विशेष."

रक्तवाल्यांनी संचालकांकडे बघितलं. संचालक पेन टेबलावर आपटत म्हणाले, "मग यांच्या कायम होण्याचा विचार आपल्याला नव्यानं करावा लागेल."

वकीलबाईची खुर्ची मागे सरकलेली मला ऐकू आली. ती अर्धी उठली होती. मी तिच्या आधी बोलले. चांगुलपणानं बोलले की ती बोलेल या भीतीनं, हे मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "यांचं काही बिघडलेलं नाही. आम्ही या पेशी आधी एकदा बघितल्या होत्या. तेव्हाही थेंब नव्हते. पुढे बघू नको, असं मी सांगितलं."

 पेशीवाली तशीच उभी होती. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे तिनं ओरडावं असं वाटत होतं.

तिनं विचारलं, "कधी बघितलं होतं?"

"फेब्रुवारीत."

"मी राजीनामा दिला त्याच्या आधी की नंतर?"

"आधी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, कोणीतरी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी, आणि खाली बसली. तिचं चित्र पडद्यावर तसंच राहिलं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

१४ नोव्हेंबर

चार दिवस ती माझ्या खोलीकडे फिरकली नाही. आज दारातूनच म्हणाली, "मॅडम, येऊन बघून जा."

'ताई' गेली, 'मॅडम' परत आली. बरोबरच आहे.

मायक्रोस्कोपच्या खोलीत वकीलबाई होती. पडद्यावर एक जिवंत पेशी, दुधी उजेडानं भरलेली. पेशीवालीनं नळीतून फॉर्मॅलिनचे दोन-चार थेंब डिशमध्ये सोडले. मी चष्मा काढून पुसला, परत लावला, तेवढ्यात ते आले. एक इथे, एक तिथे, मग सगळीकडे. तेच गोल, तेच टपोरे. पेपरातल्या दुसऱ्या चित्रात आहेत तेच, माझे.

इतकी वर्षं ज्यांच्यावर बोलले, ज्यांच्यासाठी तिला आणलं, ते पेशी मरताना होत होते. म्हणजे आम्हीच करत होतो. कर्करोगाशी त्यांचा काही संबंध असेल तर तो आम्ही दाखवलेला नव्हता. मला बसावंसं वाटलं, पण तिथे दोनच स्टुलं आहेत आणि ती त्या दोघींची होती.

"पेपर मागे घ्यायला लागेल," पेशीवाली म्हणाली.

"हो," मी म्हटलं. मग न राहवून म्हटलं, "पण मग तुझं काय? याच कामाच्या निधीवर तुझी जागा आहे."

ती पडद्याकडेच बघत होती. "माझं काय करायचं ते तुम्ही ठरवून झालंय, मॅडम. आता याचं ठरवा."

२५ नोव्हेंबर

पेपर मागे घेत असल्याचं पत्र गेलं. कारण स्पष्ट लिहिलं. संचालक तासभर बोलले, मी ऐकून घेतलं. त्यांच्या बोलण्याचं सार असं की निधी मार्चमध्ये थांबेल, आणि त्याबरोबर पेशीवालीची जागाही. मी विनवण्या केल्या. माझा पगार थांबवा, मला आत्ता निवृत्त करा. ते म्हणाले, "बाई, तुमच्या जाण्यानं त्यांची जागा तयार होत नसते."

तिच्या जुन्या संस्थेच्या प्रमुखांना फोन केला. भले माणूस आहेत. जागा ऑगस्टमध्येच भरली म्हणाले. ऑगस्टमध्ये ती इथे माझ्या सांगण्यावरून तापमान बघत होती.

वकीलबाईचा प्रबंध निम्मा गेला. तिचं आणि पेशीवालीचं फॉर्मॅलिनवरचं काम वेगळं छापून येईल, चांगलं येईल. त्यावर माझं नाव नसेल, असं दोघींनी कळवलं. मी बरं म्हटलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं एकही विनोद केला नाही.

६ डिसेंबर

आज तिच्या घरी गेले. लॅबमध्ये ती कामापुरतंच बोलते, आणि माफी काही कामात मोडत नाही.

दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. "ताई! या, या, किती दिवसांनी!" त्याचा चेहरा बघूनच कळलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. खुर्ची ओढून दिली, पडद्यांचं पुन्हा कौतुक केलं, मुलीला हाक मारली. मुलगी येऊन 'मावशी' म्हणाली आणि परत अभ्यासाला गेली. पेशीवालीनं चहा आणला. कप हातात देताना हळूच म्हणाली, "यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका. मार्चच्या आत मी बघते काहीतरी." मी मान हलवली. तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

तो समोर बसला. "ताई, तुम्हीच सांगा, कसं चाललंय हिचं? ही तर घरात अवाक्षर काढत नाही."

"छान चाललंय," मी म्हटलं. "हात फार चांगला आहे तिचा."

"मला माहीत होतं!" त्यानं मांडीवर थाप मारली. "हिला तिथे कोणी ओळखलंच नाही. मग ताई, मी काय म्हणतो, आता भाड्यात कशाला राहायचं? मागच्या गल्लीत एक घर विकायला आहे. छापखान्याचे पैसे बँकेत तसेच पडलेत. उद्या सकाळी मालकाला बोलावलंय. पक्कं करून टाकू ना?"

तिच्या हातातल्या बशा वाजायच्या थांबल्या. तिनं माझ्याकडे बघितलं. नको, असं ती डोळ्यांनी सांगत होती, पण काय नको ते मला कळेना. बोलू नको, की हे होऊ देऊ नको? मला खरंच कळलं नाही.

"थांबा," मी म्हटलं. "उद्या नका करू."

"का हो?"

 तिनं बशा टेबलावर ठेवल्या आणि त्याच्या शेजारी बसली. "माझी जागा मार्चमध्ये जाणार आहे," ती म्हणाली. सावकाश, जुळवून, व्याख्यानात बोलायची तशी. ज्या गोष्टीवर काम करायला आलो ती मुळात नव्हतीच, एवढंच तिनं सांगितलं. माझं नाव कुठेच घेतलं नाही. "माझंच चुकलं. यायच्या आधी नीट विचारून घ्यायला हवं होतं मी."

त्यानं बायकोचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "असू दे, ताई. तुम्ही तरी काय करणार? तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

तिनं मला सुटायला दार उघडून दिलं होतं. नुसतं निघून यायचं होतं मला.

"तिनं विचारलं होतं," मी म्हटलं. "राजीनामा द्यायच्या आदल्या दिवशी, फोनवर. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

त्याला समजायला वेळ लागला.  माझ्यासमोरचा चहाचा कप अर्धा भरलेला होता. त्यानं तो उचलला, आत नेला, आणि मोरीत ओतल्याचा आवाज मला ऐकू आला. मी पर्स घेतली आणि उठले. जिन्याचा दिवा तिनंच लावून दिला.